पाच हजार माणसांसाठीचा बर्फ

ओल्दा स्कोपालने एकेचाळीस वर्षं बर्फ केला, आणि त्या बर्फावर तो एकदाही पडला नाही. कारण साधं आहे. पायात स्केट घालून तो त्यावर कधी उभाच राहिला नाही. ओल्शानी गावातली चार वर्षांची पोरं स्केटवर भिंगरीसारखी फिरत, आणि हा बाबा रबरी बूट घालून, हात पाठीमागे बांधून, स्वतःच्याच बर्फाच्या कडेकडेने चालायचा. दुसऱ्याच्या सारवलेल्या अंगणातून माणूस चालतो तसा.

"एवढा बर्फ करतोस, खेळत का नाहीस?" असं कुणी विचारलं की उत्तर त्याची बायको द्राहा द्यायची. "कोंबडी कधी आम्लेट खाते का?"

कागदावर त्याचं नाव ओल्ड्रिख होतं, पण ते फक्त पगाराच्या पाकिटावर. गावात तो ओल्दा, नाहीतर रोल्बावाला. रोल्बा म्हणजे ते डबड्यासारखं मोठं मशीन, जे हॉकीच्या बर्फाची वरची साल खरवडून घेतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ हात देत जातं. खेळाच्या दोन मध्यंतरांत ओल्दा ते फिरवायचा. गोल गोल, सावकाश, तोंडावर माशी बसली तरी न हलता. पाच हजार माणसं त्याच्याकडे बघत असायची आणि तो कुणाकडेच बघत नसे.

बर्फाची विद्या त्याला शाळेने दिली नाही. शाळेने त्याला फारसं काहीच दिलं नाही. लहानपणी अग्निशामक केंद्राच्या मागच्या पटांगणात माणसं थंडीत नळी धरून पाणी मारायची आणि सकाळी तिथे मैदान तयार व्हायचं. ओल्दाला नळी धरायला उभं करायचे, कारण तो हलत नसे आणि बोलतही नसे. पुढे गावात हिवाळाघर बांधलं, आणि मग त्यावर छप्परही आलं. सगळे त्या बंदिस्त मैदानाला हिवाळाघरच म्हणतात, मग बाहेर जून का असेना. तिथे नोकरी निघाली आणि ओल्दा नळीसकट तिकडे गेला म्हणा.

द्राहा त्याला तिथेच भेटली. ती खिडकीतून चहा आणि पावात घातलेले सॉसेज विकायची. ओल्दा अकरा दिवस रोज आला, चहा प्याला आणि गेला. बाराव्या दिवशी द्राहा म्हणाली, "बाकीचे चहा पिताना काहीतरी बोलतात."

ओल्दाने खूप विचार केला. मग म्हणाला, "आज बर्फ चांगला आहे."

द्राहाने त्याच्याशी लग्न केलं. त्यानंतर आजवर याहून लांब वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही, असं ती सांगते. हे खोटं आहे, पण फार खोटं नाही.

आता या माणसाची एक गंमत. एवढी वर्षं हिवाळाघरात काढून त्याने अख्खी मॅच कधी पाहिली नव्हती. मॅच चालू असताना तो खाली, उत्तरेकडच्या बाकांच्या बरोबर खाली असलेल्या यंत्रांच्या खोलीत बसायचा. तिथून बर्फाखालच्या नळ्यांत थंडी सोडतात. वरचं काही दिसत नसे. पण गोल कुणी केला ते त्याला कळे. आपल्या रानमांजरांनी गोल केला (संघाचं नाव रानमांजरं, छातीवर तसं चित्र, दिसायला मात्र घरचाच बोका), तर वर हजारो पाय आदळत आणि छतातून चुन्याची बारीक धूळ त्याच्या टोपीवर, डब्यावर, चहाच्या कपात पडे. परक्यांनी गोल केला तर काहीच पडत नसे. द्राहा टोपी झटकतानाच विचारायची, "तीन झाले वाटतं आज?" आणि ते बरोबर निघायचं.

दुसरी गोष्ट त्या खोलीतल्या चावीची. पाच हजार माणसं एका छपराखाली आली की त्यांच्या श्वासाने, अंगच्या उबेने हवा तापते आणि बर्फ मऊ पडतो. म्हणून मॅचच्या दोन तास आधी ओल्दा चावी दोन घरं फिरवून बर्फ दोन अंश जास्त गार करून ठेवी. मग माणसं यायची, ऊब यायची, आणि बर्फ जसा हवा तसा व्हायचा. हे पुस्तकात नव्हतं, त्याच्या मनगटात होतं. पाहुणे येणार म्हणून बाई भातात मूठभर तांदूळ जास्त टाकते, तसं.

मग ती साथ आली.

पहिल्या वसंतात खेळच बंद पडला. दुसऱ्या वर्षी खेळ सुरू झाला, पण माणसांशिवाय. खेळाडू, पंच, कॅमेरेवाले आणि ओल्दा, एवढ्यांनाच आत सोडत. नाकात काडी घालून तपासायचे. हिवाळाघरात जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या: लाल पट्टीच्या आत खेळाडू, निळीच्या आत बाकीचे, आणि एकाने दुसऱ्याची पट्टी ओलांडायची नाही. द्राहाने जुन्या पडद्याचे मास्क शिवले. त्या पडद्यावर गाजरं होती, म्हणून ओल्दा वर्षभर तोंडावर गाजरं लावून फिरला.

माणसं नाहीत म्हटल्यावर बर्फ सुद्धा बदलला. गार, कडक, काचेसारखा. ओल्दाने दोन-तीन मॅचमध्ये ते ओळखलं आणि चावी फिरवणं बंद केलं. पण हात ऐकेना, तो आपोआप तिकडे जायचा. शेवटी त्याने बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात तो पुठ्ठा घेतला (पब बंदच होते, पुठ्ठ्यांना दुसरं काम नव्हतं), त्यावर लिहिलं, "कोणी येणार नाही", आणि तो चावीवर लटकवला. सबंध हिवाळा हात तिकडे गेला की पुठ्ठ्याला लागायचा आणि मागे यायचा.

त्या खोलीत बसून त्याला गोल मात्र कळेना. धूळ पडायची थांबली. चहा स्वच्छ राहायला लागला आणि त्याला तो गोड लागेना.

त्यातच हिवाळाघराचे व्यवस्थापक हावर्लांत यांनी त्याला बोलावून सांगितलं की थंडी-ऊब बघणारा एक कॉम्प्युटर घेणार आहेत. ओल्दाचं पेन्शन चालू होऊन दोन वर्षं झाली होती.

"माणसं परत येतील तेव्हापर्यंत राहतो," ओल्दा म्हणाला.

"का?"

ओल्दाला धुळीचं सांगता आलं नाही. तो म्हणाला, "चहासाठी."

हावर्लांत यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला असावा. "बरं, शरदात पहिली भरलेली मॅच होईल तोवर राहा. मात्र काही गडबड झाली तर त्याच दिवशी घरी."

आणि त्याच वर्षी, कधी नव्हे ते, रानमांजरं अंतिम फेरीत पोचली. समोर प्रागवाले. सातांपैकी चार जिंकेल तो विजेता. ओल्शानीची लोकवस्ती एवढी की प्रागच्या एका गल्लीत मावेल. गावाने अंतिम फेरी शेवटची पाहिली तेव्हा हिवाळाघराला छप्पर सुद्धा नव्हतं. खेळाडूंचा रिवाज असा की मालिका संपेपर्यंत दाढी करायची नाही. त्या वर्षी न्हाव्यांची दुकानंच बंद होती, त्यामुळे कोण खेळाडू आणि कोण नुसता आळशी ते ओळखू येत नव्हतं.

गोल राखायला रादिम ब्लाहा होता. हा गावचाच. पोस्टात काम करणाऱ्या इलोनाचा मुलगा, स्कोपालांच्या कुंपणापलीकडचा. संघातले बाकीचे कुठून कुठून आणलेले. गावात जन्मून गावासाठी खेळणारा एवढाच. लहानपणी तो बर्फावर आपटून रडायला लागला की ओल्दा जवळ जाऊन म्हणायचा, "तुझं काही नाही. बर्फ वाकडा होता." पोर डोळे पुसून पुन्हा उठायचं.

पहिली मॅच रविवारी चार वाजता. ओल्दा सकाळपासून आत होता. दोनच्या सुमाराला बाहेरून आवाज यायला लागला. आधी एक ढोल, मग तीन. मग मोटारींचे हॉर्न, पातेल्यांवर पळ्या. माणसांना आत येऊ देत नव्हते ना, मग ती बाहेर आली होती. समोरच्या टेकडीवर, रस्त्याच्या कडेला, आपापल्या गाड्यांत, एकमेकांपासून हात-हात अंतर ठेवून, सगळं गाव. भिंती थरथरल्या. यंत्रांच्या खोलीत ओल्दाने मान वर केली. छतातून अगदी थोडी, चिमूटभर धूळ पडली.

त्याला किती बरं वाटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. तेव्हा त्याचा हात काय करत होता तेही त्याने पाहिलं नाही.

मॅच छान चालली. एक-एक झाली आणि जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करेल तो जिंकेल. द्राहा घरी टीव्हीसमोर दोन्ही अंगठे मुठीत दाबून बसली होती. अंगठे धरले की आपला माणूस जिंकतो, पण विणकाम होत नाही. तेवढ्यात प्रागच्या एकाने लांबून, सहज, काही करायला नाही म्हणून मारतात तशी रबरी चकती ढकलली. ती घसरत घसरत आली. रादिम गुडघ्यावर बसला, काठी आडवी धरली. आणि चकती त्याच्या समोर टुणकन उडाली, काठीवरून गेली आणि जाळ्यात पडली.

टेकडीवरचे ढोल थांबले.

सगळे गेल्यावर ओल्दा फावडं घेऊन गोलपाशी गेला. रादिम बसला होता त्याच्या हातभर पुढे बर्फाचा पापुद्रा निघाला होता. बोटभर जागा, कडा धारदार. ओल्दाने हातमोजा काढून अंगठ्याने चाचपलं. असा पापुद्रा केव्हा निघतो ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. बर्फ फार गार असला की वर दिलेलं पाणी आत मुरायच्या आधीच गोठतं, आणि मग नुसतं कवच होऊन बसतं. तो खाली गेला. चावी दोन घरं फिरलेली होती. पुठ्ठा जागच्या जागी लटकत होता.

पाच हजार माणसं आली असं समजून त्याने बर्फ केला होता. आणि ती आली होती खरी, पण बाहेर.

घरी तो गप्प होता. त्यावरून द्राहाला काही कळण्याची सोय नव्हती. कळलं ते त्याने बटाट्याच्या सूपात साखर घातल्यावर.

"काय झालं?"

"दोन अंश," ओल्दा म्हणाला. मग पुठ्ठ्यापासून पापुद्र्यापर्यंत सगळं सांगितलं. द्राहाने टीव्ही बंद केला. इतकं तो एका दमात बोलला म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

सोमवारी सकाळी कुणीतरी इलोनाच्या फाटकाला शेवया गाळायची चाळणी टांगून ठेवली. गोल सोडणाऱ्या गोलरक्षकाला चाळणी म्हणणं ही गावाची जुनी खोड. पण घरच्या पोराच्या फाटकाला ती कुणी टांगली नव्हती. इलोना चाळणी हातात घेऊनच कुंपणापाशी आली.

"बघ द्राहा. चांगली स्टीलची आहे. शत्रुत्व करायचं तर भांडं तरी स्वस्तातलं वापरावं ना?"

"कुणी लावली?"

"गावात पत्रं मी वाटते. कुणाकडे असली चाळणी आहे ते मला ठाऊक आहे. घराघरातून काय उकळतंय तेही ठाऊक आहे." ती हसली आणि मग हसणं मोडलं. "उद्या त्याला बाकावर बसवणारेत. खालच्या लीगमधून उसना आणलाय एक गोलरक्षक. साथीमुळे संघाला हॉटेलातच कोंडलंय ना, तिथून रादिम फोनवर म्हणाला, आई, बरोबरच आहे, मी ती अडवायला हवी होती. एकदा अंतिम फेरीत बसवलेल्या गोलरक्षकाला पुढच्या वर्षी कोण घेणार गं?"

ओल्दा सशांच्या पिंजऱ्यापाशी उभा राहून सगळं ऐकत होता. हातातला गवताचा पेंढा त्याने सशाऐवजी खिशात घातला आणि सायकल काढली.

हावर्लांत गाडीतून उतरतच होते. मास्क हनुवटीवर.

"साहेब, कालचा गोल बर्फाने झाला."

"गोल प्रागवाल्यांनी केला, स्कोपाल. मी पाहिलाय."

"बर्फ मी केला होता. दोन अंश चुकला. चकती उडाली."

हावर्लांत यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मास्क वर घेतला. "हे बघा. लीगचा माणूस बर्फ बघून सही करून गेलाय. आता आम्हीच म्हणायचं की बर्फ खराब होता? क्लबची काय शोभा राहील? आणि क्लब म्हणजे कोण?"

ओल्दाला ते माहीत नव्हतं.

"क्लब म्हणजे आपण सगळे. तेव्हा सगळ्यांसाठी गप्प बसा. तुम्हाला ते जड जाऊ नये, जन्मभर तेच करत आलात."

"आणि रादिम?"

"तरुण आहे, पुढे सावरेल. तुमचं शरदापर्यंतचं ठरलंय ना? ते नीट राहू द्या. बर्फ चुकला असं माझ्या कानावर परत आलं तर मला तुम्हाला आजच घरी पाठवावं लागेल. म्हणून माझ्या कानावर काही आलेलं नाही."

ओल्दा सायकल हातात धरून चालत घरी आला. वाटेत बसला नाही, कारण सायकलवर बसलं की घर लवकर येतं.

"मग रादिमला फोन कर," द्राहा म्हणाली.

आता ओल्दा आणि फोन. फोनवर तो इतका गप्प असायचा की पलीकडचा माणूस लाइन गेली समजून ठेवून द्यायचा. द्राहाने नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला टेकवून तशीच धरून राहिली, बाळाला बाटली धरतात तशी.

"रादिम. मी बोलतोय."

"मी कोण?"

"ओल्दा."

"काका? तुम्ही फोनवर? काकू बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. बर्फ बरा नव्हता."

रादिम हळूच म्हणाला, "आईने करायला सांगितला का फोन?"

"नाही. दोन अंश. मी चावी फिरवली. तुझं काही नाही."

"माहीत आहे काका. बर्फ वाकडा होता." तो हसत होता, पण तसं हसणं कानाला चांगलं लागत नाही. "मी सहा वर्षांचा असल्यापासून तुम्ही हेच सांगताय. फार गोड आहात तुम्ही. काकूंना नमस्कार सांगा."

फोन बंद झाला. द्राहाने तो ओल्दाच्या कानापासून काढला. वीस वर्षं पोराला गोड खोटं सांगितलं की खरं सांगायच्या दिवशी ते खपत नाही. हे त्या दोघांनाही कळलं.

"तो विश्वास ठेवत नाही, आणि हावर्लांत ठेवतात पण ऐकत नाहीत," द्राहा म्हणाली. "आता काय करणार?"

"बोलून होत नाही," ओल्दा म्हणाला.

"मग लिही."

तिच्या डोळ्यांसमोर कागद होता. त्याच्या नव्हता.

मंगळवारी सकाळी सहाला तो हिवाळाघरात शिरला. मैदानाची मधली रेघ रंगवायचा लाल रंग गेल्या शरदातला अर्धा डबा उरला होता. ओल्दा गोलपाशी गेला आणि गुडघ्यावर बसला. पापुद्रा निघालेल्या जागेभोवती त्याने एक वर्तुळ काढलं. मग पलीकडे, हातभर उंचीच्या अक्षरांत, लिहायला लागला. शाळा सोडल्यापासून त्याने इतकं मोठं काही लिहिलं नव्हतं. शाळेतही नव्हतं. लिहून झाल्यावर त्याने रोल्बा काढला आणि त्यावर पाण्याचे सहा पातळ हात दिले, एकेक मुरू देऊन, योग्य त्या थंडीत, जन्मात दिले नव्हते इतके नीट. अक्षरं बर्फाच्या आत गेली.

दहाला संघ सरावाला आला. सगळे दाढ्यांमधून उजेडाकडे डोळे बारीक करून बघणारे. पहिला थांबला, दुसरा त्याच्यावर आदळला. बर्फात लाल अक्षरांत लिहिलं होतं: "हा गोल माझा होता. स्कोपाल."

निदान त्याला तसं लिहायचं होतं. आमच्या या प्रागकडच्या भाषेत दोन इ आहेत, एक ठिपक्याचा आणि एक शेपटीचा. कानाला दोन्ही सारखेच, आणि कुठे कोणता ते तिसरीत पाठ करून घेतात. ओल्दा त्या वर्षी बहुतेक नळी धरून उभा होता. त्याने शेपटीच्या जागी ठिपक्याचा घातला. त्यामुळे "हा गोल माझा होता" याऐवजी "हा गोल माझा हाणत होता" असं झालं होतं.

कोच त्या अक्षरांवर येऊन उभा राहिला. काठीने वर्तुळातली जागा ठोकली, वाकला, बोटाने कडा पाहिली. मग काचेपाशी आला. काचेपलीकडे, निळ्या पट्टीच्या आत, ओल्दा गाजरांचा मास्क लावून उभा होता.

"खरं?" कोचने काचेतून विचारलं.

ओल्दाने मान हलवली. मग खिशात हात घातला. आधी कालचा गवताचा पेंढा निघाला, तो परत ठेवला आणि पुठ्ठा काढला. तो त्याने काचेला लावून धरला. कोणी येणार नाही.

"परवा बाहेर आवाज ऐकला," तो म्हणाला. काच जाड होती, तो आधीच हळू बोलणारा, पण कोचला ऐकू गेलं. "वाटलं, आले."

कोच बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिला. तोही खेळाडू होता एके काळी. भरलेलं हिवाळाघर त्यालाही आठवत असणार.

मागे रादिम अक्षरांपाशी एकटाच उभा होता. तो सरकत काचेपाशी आला, लोखंडी जाळीचं तोंडावरचं झाकण वर केलं. डोळे लाल होते, थंडीने म्हणा.

"काका, अंतिम फेरीतला गोल आणि नाव तुमचं. आज मी अडवले तर तेही तुमच्याच नावावर घेणार का?"

"ते तुझे," ओल्दा म्हणाला.

"आणि हाणत होता म्हणजे काय? गोल कुणाला हाणत होता?"

ओल्दाने अक्षरांकडे पाहिलं. त्याला काही वावगं दिसेना.

तेव्हा मागे एकाने काठी बर्फावर आपटली. मग दुसऱ्याने. हॉकीत टाळ्या अशा वाजवतात. बावीस काठ्या रिकाम्या हिवाळाघरात टक टक वाजायला लागल्या.

आवाज ऐकून हावर्लांत धावत आले. "खरवडून काढा. आत्ता."

"काढतो," ओल्दा म्हणाला. "तिथवर खरवडायला तीन तास. नवा बर्फ बसायला पाच."

हावर्लांत यांनी घड्याळ पाहिलं. मॅच चारला होती. "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"परवाचं चुकून केलं," ओल्दा म्हणाला. "हे मुद्दाम."

लीगचा माणूस आला, त्याने अक्षरांवरून हात फिरवला, बर्फ तपासला आणि इतका सपाट बर्फ या वर्षी पाहिला नाही असं लिहून सही केली. मजकुराबद्दल नियमांत काही नव्हतं. चार वाजता सगळ्या देशाने टीव्हीवर ती अक्षरं पाहिली. बर्फावर एरवी जाहिराती रंगवतात, म्हणून समालोचक पहिला पाव तास, स्कोपाल हे कोणत्या सिमेंटचं नाव असावं, यावर बोलत होते. द्राहाने मात्र पहिल्याच नजरेत दुसरंच पाहिलं.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "ठिपक्याचा."

त्या दिवशी गोलात रादिमच उभा राहिला, त्याने एकतीस वेळा चकती अडवली आणि फक्त एक सोडली. रानमांजरं जिंकली. ओल्दा खालच्या खोलीत बसून होता; चावी जागेवर, पुठ्ठा चावीवर. हावर्लांत येऊन उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते, पण शब्द दिला की पाळायचे, आणि धमकी हाही त्यांच्या मते शब्दच.

"ही मालिका संपेपर्यंत राहा," ते म्हणाले. "दुसरं कुणी नाही म्हणून. मग घरी."

"बरं," ओल्दा म्हणाला.

शेवटी विजेतेपद प्रागलाच गेलं. सहावी मॅच तिकडे झाली, ती रानमांजरं एका गोलाने हरली. तो गोल कुणाचा ते त्यांच्या बर्फावर कुणी लिहिलं नाही. बस परत आली तेव्हा टेकडीवर सगळं गाव गाड्यांत बसून होतं, ढोल होते, आणि रादिमच्या फाटकापाशी कुणीतरी बिअरची पेटी ठेवली होती. इलोनाने ती चाळणी धुऊन ज्याची त्याच्या दारात टपालाबरोबर टाकली. रादिमला पुढची तीन वर्षं करारावर ठेवलं. थोड्या दिवसांनी न्हाव्यांची दुकानं उघडली आणि गावातले पुरुष पुन्हा ओळखू यायला लागले.

ओल्दा घरी बसला. सशांना आता भाषणं ऐकावी लागतात की काय असं इलोनाने विचारलं. द्राहा म्हणाली, नाही गं, ते एकमेकांना समजतात.

शरदात माणसांना आत सोडायला लागले. पहिल्या मॅचला ओल्दा तिकिटाच्या खिडकीपाशी गेला. जन्मात पहिलं तिकीट. खिडकीतल्या बाईने विचारलं, "कुठली जागा?"

"उत्तरेकडची. चौथी ओळ, अकरा नंबर."

"तिथून खांब आडवा येतो, स्कोपालबाबा. गोल दिसत नाही."

"चालेल."

द्राहा त्याच्या शेजारी बसली, तिचं विणकाम घेऊन. हिवाळाघर भरलं होतं. पाच हजार श्वास, ओल्या कोटांचा वास, सॉसेजचा वास. ओल्दाने बर्फाकडे पाहिलं आणि काही बोलला नाही, म्हणजे बर्फ ठीक होता. कॉम्प्युटर काम करत होता.

दहाव्या मिनिटाला रानमांजरांनी गोल केला. सगळे उठले, ओरडले, आणि खाली बसले. ओल्दा बसला नाही. तो रबरी बुटांनी जागच्या जागी, मन लावून, पाय आपटत होता. पुढच्या ओळीतला माणूस वळून बघायला लागला.

"पुरे की आता," द्राहा म्हणाली. "सगळ्यांना कळलं गोल झाला ते."

"खाली कुणी बसलं असेल," ओल्दा म्हणाला, आणि आणखी दोनदा आपटून मग खाली बसला.